दोन घटका, दोन हात

सांगलीच्या गणपती पेठेतील असो वा साताऱ्याच्या सदाशिव पेठेतील, जैन व्यापारी घराचा दिवस घड्याळापेक्षा नियमांनी बांधलेला असतो. सकाळी पाणी गाळणे, नवकारसी, देवदर्शन, मग पेढी. सायंकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण आणि चौविहार. या खुंट्या पिढ्यान्‌पिढ्या भिंतीत घट्ट रोवलेल्या आहेत. आजी पाणी गाळण्याचे कधी ठरवीत नाही. हात आपोआप गरण्याकडे जातो. अशा घरांत गेल्या काही दशकांत रेकीही येऊन पोहोचली. कोणी सूनबाई शिबिरात पहिली पायरी घेते, शिकविल्याप्रमाणे एकवीस दिवस नेमाने स्वतःवर हात ठेवते. पुढे लग्नसराई येते, पाहुणे येतात, आणि रेकी राहून जाते. दोष आळसाचा नसतो. नव्या सवयीला घरात खुंटीच मिळालेली नसते.

रेकीचे मूळ जपानचे. मिकाओ उसुई यांनी १९२२ साली क्योटोजवळच्या कुरामा पर्वतावर एकवीस दिवस उपवासपूर्वक साधना केली आणि त्यानंतर ही पद्धत शिकविण्यास आरंभ केला, असे शिष्यांनी उभारलेल्या त्यांच्या स्मृतिशिळेवर कोरलेले आहे. उपवासातून उगवलेली साधना म्हटल्यावर जैन वाचकाला ती फारशी परकी वाटू नये. त्याहून जवळची वाटावी ती उसुईंची पाच व्रते: राग नको, चिंता नको, कृतज्ञता असावी, काम मन लावून करावे, सर्वांशी दयेने वागावे; आणि हे सारे केवळ आजच्या दिवसापुरते. जन्मभराची प्रतिज्ञा गृहस्थाला पेलत नाही, हे आपल्या आचार्यांनीही ओळखले होते. म्हणून तर पच्चक्खाणाला काळाची मर्यादा आहे. नवकारसी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांची, सामायिकही तेवढ्याच दोन घटकांचे. थोड्या वेळेपुरते घेतलेले पाळले जाते, आणि उद्या पुन्हा घेता येते.

म्हणून रेकीसाठी निराळा तास शोधण्यापेक्षा ती या जुन्या खुंट्यांनाच अडकवावी, हे अधिक शहाणपणाचे. नवकारसीची वेळ होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही जात नाही. तेवढ्या अवकाशात अंथरुणावरच बसून तळवे डोळ्यांवर, मग कानशिलांवर, मग छातीवर आणि पोटावर ठेवता येतात. प्रत्येक ठिकाणी तीन ते पाच मिनिटे, बोटे जुळलेली, दाब मुळीच नाही. पेढीवर तर दोन मिनिटेही पुरतात. हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे सुरू झाले की व्यापाऱ्याचा रक्तदाब भावाबरोबर वरखाली होतो. थकलेल्या उधारीसाठी फोन उचलण्यापूर्वी एक हात छातीवर, एक पोटावर ठेवून दहा श्वास मोजले, तर पुढचे बोलणे बदलते. चार कषायांत क्रोध पहिला, आणि व्यापारात तो महागही पडतो. एके काळी बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असत. हाताची भाषा या समाजाला नवी नाही.

मात्र सामायिकाच्या दोन घटकांत रेकी मिसळू नये. यामागचे कारण कर्मठपणाचे नाही. कुंभोजच्या बाहुबली डोंगराखाली अठ्ठावीस फुटी मूर्ती कायोत्सर्गात उभी आहे. तिचे हात पाहावेत. ते मांड्यांना न टेकता सरळ खाली सोडलेले आहेत. देहाशी त्यांचे काही देणेघेणे उरलेले नाही. रेकीत हात देहावर विसावतात, त्याची विचारपूस करतात. एकात देह सोडायचा आहे, दुसऱ्यात सांभाळायचा आहे. गृहस्थाला दोन्ही करावे लागते, पण एकाच आसनावर दोन्ही करू गेल्यास सामायिक हे आरोग्याचे साधन होऊन बसते, आणि त्याचा हेतू तो नव्हे.

दुसऱ्याला रेकी देण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. एकाचे वेदनीय कर्म दुसरा घेऊ शकत नाही, ही जैन सिद्धांताची ठाम भूमिका. त्यामुळे ‘ऊर्जा पाठवून तुमचा रोग काढून टाकतो’ म्हणणाऱ्यापुढे श्रावकाने थांबून विचार करावा. विज्ञानाच्या बाजूनेही ही ऊर्जा आजवर कोणत्या उपकरणाने मोजता आलेली नाही. शांत स्पर्शाने आणि विश्रांतीने मन हलके होते, झोप बरी लागते, इतके बहुतेकांच्या अनुभवास येते, आणि ते थोडे नाही. परंतु मधुमेहाचे इन्सुलिन किंवा हृदयाची गोळी या आधारावर बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. साताऱ्याच्या भूमीत तर याची जाण अधिक हवी. डॉ. नरेंद्र दाभोलकर इथलेच. त्यांच्या हत्येनंतर, २०१३ सालीच महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरविले. रेकीचा त्यात उल्लेख नाही. पण उपचारापासून रोखण्याचे पाप कोणत्याही नावाने केले तरी पापच.

मग सुनेने सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवूच नये काय? अवश्य ठेवावा. आपल्या सहा अंतरंग तपांत वैयावृत्याचा, म्हणजे सेवेचा, समावेश आहे. त्या हातातून ऊर्जा वाहते की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी दिवसभर दुकान, मुले आणि स्वयंपाक यांत विभागलेली सूनबाई वीस मिनिटे मोबाईल दूर ठेवून कोणाच्या तरी शेजारी बसली, हे अनेक घरांत आता दुर्मीळ झाले आहे. सासूबाईही मग मनातले चार शब्द बोलतात. गुडघ्याखेरीज दुसरे काय दुखते, तेही कळते. यासाठी सायंकाळची वेळ बरी, जेवणे उरकल्यानंतरची. चौविहार असलेल्या घरात सूर्यास्तानंतर गोळी घेता येत नाही, म्हणून रात्रीच्या औषधाची वेळ डॉक्टरांना विचारून आधीच ठरवून घ्यावी. दिवस मावळण्यापूर्वी ती गोळी पोटात गेली आहे ना, हे पाहावे आणि मगच गुडघ्यावर हात ठेवावा.