धंद्याचे वाद्य

आमच्या घरी या वाद्याला कोणी क्लॅरिनेट म्हणत नाही. आण्णा 'क्लारनेट' म्हणतात आणि आजी अजूनही 'इंग्रजी सनई' म्हणते. मला आजीचेच नाव जास्त पटते. आम्ही पिढीजात वाजंत्री. आजोबांच्या काळात तालुक्याला बँड निघाला, तेव्हा सनई खुंटीला लागली आणि हे काळे, चकाकत्या किल्ल्यांचे वाद्य घरात आले. आजोबांनंतर तेच वाद्य आण्णांनी 26 वर्षे वाजवले. गेल्या दिवाळीत त्याचा मधला सांधा निकामी झाला. मिस्त्रीने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि न बोलता परत दिले.

बँडच्या मालकांनी 40,000 रुपयांची उचल द्यायचे कबूल केले; ती लगीनसराईत फेडायची. "तू कॉलेजात जातोस, पुस्तकं बघ आन् कुठलं घ्यायचं ते ठरव," एवढे बोलून आण्णा मोकळे झाले! घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या मुलाकडे अशी सगळी कामे येतात. बँकेचा फॉर्म त्यानेच भरायचा, औषधाच्या बाटलीवरचे इंग्रजी त्यानेच वाचायचे. आता क्लारनेटही त्यानेच निवडायचे! मला ते वाजवता येत नाही, हे कोणी ध्यानात घेतले नाही.

मग मी जमेल तेथून माहिती गोळा केली. इ. स. 1700 च्या सुमारास जर्मनीतील न्युरेंबर्गच्या डेनर नावाच्या कारागिराने हे वाद्य घडवले. त्याच्या किल्ल्यांची आज जगभर सर्वांत जास्त चालणारी रचना 'बोएम पद्धत' म्हणून ओळखली जाते. गंमत म्हणजे ती बोएमने केलेलीच नाही. बोएमने बासरी सुधारली; तिच्यातली कल्पना घेऊन क्लोझे आणि ब्यूफे या दोघा फ्रेंचांनी क्लॅरिनेटची रचना केली आणि 1844 मध्ये तिचे पेटंट घेतले. नाव मात्र तिसऱ्याचेच लागले. याहून जुन्या वळणाची 'अल्बर्ट' पद्धत आहे. आपल्याकडच्या बँडमधील कितीतरी जुन्या वादकांची बोटे तिच्यावरच बसलेली आहेत, आण्णांचीही. हे वाद्य आपल्याकडे नुसते वरातीपुरते राहिले असेही नाही. तंजावरला सदिर नाचाच्या साथीला ते एकोणिसाव्या शतकातच गेले होते आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवणारे ए. के. सी. नटराजन यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. हे आण्णांना सांगितले, तेव्हा त्यांनी बिडी विझवून पुन्हा विचारले, "क्लारनेटवाल्याला?"

किमतींची पत्रके वाचताना मात्र मी एका शब्दापाशी अडलो. क्लॅरिनेटचे तीन दर्जे असतात: विद्यार्थ्यांसाठी, मधल्या पायरीचे आणि व्यावसायिक. विद्यार्थ्यांचे असते प्लास्टिकचे. व्यावसायिक दर्जाचे असते ग्रेनाडिला लाकडाचे. हे लाकूड आफ्रिकेतल्या टांझानिया, मोझांबिककडचे. आपल्या शिसवीच्या कुळातले, पण तिच्याहूनही जड आणि काळे. किंमत लाखांत. आता आण्णांचा व्यवसाय हाच. पाच माणसांचे घर आणि माझी फी याच फुंकेवर चालते. म्हणजे आण्णा शंभर टक्के व्यावसायिक. पण त्यांच्या हातातले एबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे वाद्य त्या दर्जात कुठेच बसत नव्हते. आणि मी, ज्याला पत्रकाने 'विद्यार्थी' म्हणावे, त्याला सा सुद्धा लावता येत नाही!

मुंबईच्या दुकानात आम्ही दोघे गेलो. दुकानदार भला माणूस. त्याने काउंटरवर चार वाद्ये मांडली. एक नवे प्लास्टिकचे, एक जुने लाकडी, वरच्या सांध्याला चीर बुजवलेले, एक जुने एबोनाइटचे, अल्बर्ट पद्धतीचे, आणि चौथे फ्रान्सचे 'आर 13'. हा नमुना 1955 च्या सुमाराचा; जगातल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांतून तो वाजतो. "घ्यायचं नसलं तरी वाजवून तर बघा," दुकानदार म्हणाला.

आण्णांची पारख पाहण्यासारखी होती. आधी वाद्य फुंकलेच नाही. एकेका सांध्याची सगळी भोके बोटांनी आणि खालचे तोंड तळव्याने बंद करून त्यांनी वरून हवा ओढली. हवा आत शिरली तर गाद्या गळक्या. मग सगळ्यांत खालचा स्वर लांब धरला. मग अंगठ्याने मागची किल्ली दाबली. सनईत जोर वाढवला की त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो. क्लारनेटची नळी सरळ आणि पत्तीच्या बाजूला बंद, म्हणून ते सप्तकावर न थांबता थेट बाराव्या स्वरावर उडी घेते. खाली मंद्र सा असेल, तर वर मध्य सप्तकातला पंचम. हा पंचम चोख लागला तर वाद्य खरे. चिरेच्या वाद्यात तो उतरलेला होता. प्लास्टिकचे सुरात होते, पण आण्णांच्या भाषेत 'आवाजाला अंग नव्हते'.

आर 13 त्यांनी शेवटी घेतले. बोएमच्या किल्ल्या असल्यामुळे उजव्या हाताची काही बोटे वेगळी पडत होती, म्हणून त्यांनी सावकाश भूप धरला. मी त्यांना वरातीत, धुळीत, ताशाच्या कडकडाटात शेकडो वेळा ऐकले होते. बंद खोलीत एकटे कधीच ऐकले नव्हते. भोकावरून बोट हळूच सरकवून त्यांनी गंधारावरून धैवताकडे मींड घेतली, तेव्हा दुकानातला पोऱ्या हातातले फडके तसेच धरून उभा राहिला. आण्णांनी वाद्य पुसले, पेटीत ठेवले आणि दुकानदाराला म्हणाले, "फार खानदानी आहे. हे उन्हात न्यायचं नाही."

त्यांनी एबोनाइटचे घेतले. कारणे सगळी रोकडी होती. ग्रेनाडिला कोरड्या हवेत बाहेरून आकसते, आतून फुंकेची वाफ लागते आणि त्या ताणाने चिरते. आमची लग्ने चैत्र-वैशाखाच्या उन्हात, नाहीतर पौषानंतरच्या पहाटेच्या गारठ्यात. एबोनाइट उन्हाने हिरवट-तपकिरी पडते, पण चिरत नाही. शिवाय बोटे नव्याने शिकवायला लागत नाहीत. लाकडाचा भुसा आणि कार्बनचे धागे एकत्र दाबून केलेले, न चिरणारे 'ग्रीन लाइन' नावाचे वाद्यही मी वाचले होते. पण तेही आमच्या उचलीच्या पलीकडचे.

कारणे मला पटली. तरी मला विचाराल तर माझे आवडते वाद्य आर 13 च, आणि ते आण्णांच्या हातातले. ज्या मांडवात वाजंत्र्यांची पंगत सर्वांत शेवटी बसते आणि हल्ली डीजेच्या भिंतीपुढे अर्धी सुपारी कापली जाते, तेथे लाखाचे वाद्य परवडत नाही हे खरेच. पण 'व्यावसायिक' हा शब्द ज्या कोणी पत्रकात घातला, त्याच्या डोळ्यांपुढे बंद, थंड सभागृहात बसलेला माणूस होता. चार मैल चालत वाजवणारा नव्हता. परतीच्या गाडीत मी आण्णांना हे बोलून दाखवले. ते म्हणाले, "आवडायला काय पैसे पडतात? मलाबी तेच आवडलं."

वाद्य 31,000 ला मिळाले. उरलेल्यातून गाडीभाडे काढून एक पत्त्यांची पेटी घेतली, अडीच नंबरची. त्या दहा पत्त्यांतल्या तीन आण्णांनी ओठावर लावून बघताच बाजूला टाकल्या. आईने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून नळीतला ओलावा पुसायला फडके करून दिले. नव्या वाद्याचा माऊथपीस मात्र पेटीतच आहे. आण्णांनी आजोबांचाच, दातांच्या खुणा पडलेला माऊथपीस त्यावर चढवला आहे आणि तुळशीच्या लग्नानंतरची पहिली सुपारी त्याच्यावरच वाजवली.