पाण्यातला दुपट्टा

सेलू तालुक्यातल्या आमच्या शेतातल्या विहिरीत मी एकदा डाइव्ह कॉम्प्युटर सोडला होता. मे संपत आलेला, नवतपा सुरू, बाहेर पारा ४६ वर. मनगटी घड्याळाएवढं ते यंत्र बादलीत ठेवलं, सोबतीला दगड घातला आणि दोर सोडला. थोड्या वेळाने ओढून पाहिलं तर वरच्या पाण्याचा आकडा ३१, तळाचा २७. डिसेंबरात पुन्हा तोच उद्योग केला. तळाला तेव्हाही २७च. लहानपणी मात्र याच पाण्याला आम्ही मे महिन्यात ‘बरफ’ म्हणायचो, आणि हिवाळ्याच्या पहाटे मोटारीच्या पाइपातून ते वाफाळत पडलं की ‘कोमट’ म्हणून त्याखाली बसायचो.

मालवणच्या समुद्राचा आकडाही वर्षातले बरेच महिने २७ च्या अल्याडपल्याड असतो. डाइव्हिंगला काय घालायचं, हे मी बरीच वर्षं या आकड्यावरून ठरवत होतो. तिथेच माझं चुकत होतं.

पोहणं मी पाठीला वाळका भोपळा बांधून शिकलो. भोपळा सुटला की परीक्षा एकच: तळाशी जाऊन मूठभर चिखल वर आणायचा. निम्म्यावर पोचलं की पाणी पालटायचं. वरचं उन्हाने तापलेलं, खालचं एकदम गार, आणि दोन्हींच्या मध्ये बोट ठेवून दाखवावी अशी रेघ. तिला थर्मोक्लाइन म्हणतात, हे मला तिशी उलटल्यावर कळलं.

कळलं तेही अंगावर काटा आल्यावर. ऑक्टोबरचा महिना होता, पावसाळ्यानंतर डाइव्हिंग नुकतंच सुरू झालेलं. वर्ध्याहून रेल्वेने एक दिवस-एक रात्र काढून मी कुडाळला उतरलो आणि मालवण गाठलं. होडीवर सूट निवडायची वेळ आली तेव्हा मी गुडघ्यापर्यंतचा, अर्ध्या बाह्यांचा शॉर्टी उचलला. ४६ अंश सोसणाऱ्या माणसाला या पाण्याची काय भीती! सोबतचा डाइव्हमास्टर एवढंच म्हणाला, “वर गरम आसा, खाली थंड असतला.”

बारा मीटरवर विहिरीतली ती रेघ भेटली. पावसाळी वाऱ्यांच्या दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्याशी खोलातलं थंड पाणी वर सरकत येतं. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडसर, हलकं पाणी झाकणासारखं पसरतं. ऑक्टोबरात ते झाकण पुरतं निघालेलं नसतं. होडीतून हात बुडवून पाहणाऱ्याला फक्त झाकण लागतं. वीस मिनिटांत माझी बोटं जड झाली, श्वास भराभर चालला, आणि सोबत्यांच्या सिलिंडरात निम्मी हवा असताना माझा काटा लाल पट्टीकडे सरकला.

खरी हुडहुडी भरली ती वर आल्यावर. होडीने वेग घेतला, ओल्या सूटवरून वारा वाहू लागला आणि दातांवर दात आपटायला लागले. वैदर्भीय माणसाला याचं कारण कोणी समजावून सांगायची गरज नाही. कूलरच्या ओल्या वाळ्यातून वारा ओढला की खोली गार होते. मी त्या दिवशी स्वतःच कूलर झालो होतो. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक साधं विंडचीटर असतं. दोन डाइव्हच्या मधल्या तासाभरात ते सूटइतकंच कामाला येतं.

माझी फुशारकी का फसली, याचा विचार परतीच्या गाडीत झाला. उन्हाची सवय शरीराला लवकर घाम आणायला शिकवते, ऊब राखून ठेवायला शिकवत नाही. शिवाय पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. ३७ अंशांचं शरीर स्वस्थ पडलं असेल तर त्याची ऊब टिकायला पाणी तेहेतीस-चौतीसचं लागतं. म्हणजे २७ चं पाणी कितीही सुखद वाटलं तरी त्यात शरीर म्हणजे गळकी बादली आहे. पहिल्या डाइव्हला गळती जाणवत नाही, तिसऱ्या डाइव्हला बादली निम्म्यावर असते. सिलिंडरातली कोरडी हवाही प्रत्येक श्वासाला थोडी ऊब आणि थोडा ओलावा घेऊन जाते.

मग सूट नेमकं करतो काय? अंग आणि कापडाच्या मध्ये पाणी शिरतं, ते अंगाच्या उबेने तापतं आणि तेच आपल्याला गरम ठेवतं, असं बरेच जण सांगतात. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने वेटसूटची कल्पना मांडली. तिचं मर्म असं की पाणबुड्याने कोरडंच राहायला हवं असं काही नाही. ऊब धरतात ते निओप्रीनच्या रबरात कोंडलेले वायूचे बारीक बुडबुडे.

हे वाचलं तेव्हा मला घरची रजई आठवली. आम्ही कापसाच्या मुलखातले. रुईत ऊब नसते, रुईने धरलेल्या हवेत असते. म्हणून वापरून दबलेली रजई गार लागते आणि पिंजाऱ्याने रुई पिंजून दिली की तीच रजई पुन्हा उबदार होते. निओप्रीनचंही तेच. दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो आणि बुडबुडे दबतात. ऐन थंड थरात पोचतो तेव्हाच आपली रजई सर्वांत पातळ झालेली असते. शे-दोनशे डाइव्ह झालेला भाड्याचा सूट कायमचाच दबलेला असतो, आणि त्याला पिंजून देणारा पिंजारी नाही. त्यामुळे सूटवर ‘३ मिमी’ लिहिलंय एवढ्यावर मी थांबत नाही. चिमटीत धरून पाहतो. दाबून सोडल्यावर फुगून आला तर घेतो.

मापाकडेही तितकंच लक्ष. मानेशी, कमरेशी फट राहिली तर प्रत्येक हालचालीला तापलेलं पाणी बाहेर आणि गार पाणी आत. सैल पाच मिलिमीटरपेक्षा अंगासरशी बसलेला तीन मिलिमीटर बरा. जाड सूटला शिशाची वजनंही जास्त लागतात, कारण वर तो तरंगतो आणि खाली दबून तरंगणं विसरतो. त्यात सिलिंडरातली दोन-अडीच किलो हवा संपत आली की शेवटी आपण हलके होतो. सूट बदलला की वजनांचा हिशेब पुन्हा मांडायचा.

आता माझी निवड साधारण अशी असते. तिशीला टेकलेलं पाणी असेल तर लायक्राचा पूर्ण बाह्यांचा सूट पुरतो. तो उबेसाठी नसतो, ऊन, जेलीफिश आणि प्रवाळाच्या ओरखड्यांसाठी असतो. सव्वीस ते अठ्ठावीसला पूर्ण तीन मिलिमीटर, आणि दिवसात तीन डाइव्ह असतील तर आत टोपीवाली बंडी. त्याखाली पाच. अंदमानात बहुतेक दिवस तीन मिलिमीटरने भागतं, पण त्या समुद्रात खोल पाण्यातून आतल्या लाटा येतात आणि काही मिनिटांत पारा उतरवून जातात. बालीजवळच्या नुसा पेनिडाला जुलै ते ऑक्टोबरात मोला मासा पाहायला जातात. तो वर येतो तोच थंड पाण्याबरोबर. तिथे मी पाच मिलिमीटर आणि टोपी घालून गेलो आणि ताडाच्या झाडांकडे बघत गारठलो. दोन्हीकडे जी वस्तू हाताशी हवी ती ही टोपीवाली बंडीच. घडी केली तर टॉवेलएवढी, पण डोकं-मान झाकली की खालची पंधरा मिनिटं वाढतात.

होडीवर अजूनही कोणी ना कोणी मला विचारतं, पाणी किती अंशांवर आहे? मी आकडा सांगतो आणि उलट विचारतो: खाली किती वेळ थांबणार, कितवी डाइव्ह, न्याहारी केली का, मागच्या वेळी कुडकुडला होतात का? फोटो काढणारा एका प्रवाळापाशी अर्धा तास हलत नाही. प्रशिक्षक गुडघे टेकून विद्यार्थ्यांची वाट बघतो. त्यांचं २७ आणि सतत पोहणाऱ्याचं २७ वेगळं.

या हिवाळ्यात गावाहून निघण्याआधी बॅग आवरताना आईने ती काळी बंडी उचलून पाहिली. हे काय म्हणून विचारलं. थंड पाण्यात डोक्यावर घालतो म्हणालो. तिने ती उलटसुलट केली, ताणून सोडली. शाळेत असताना ती मला रोज दारातून ओरडून सांगायची, “उन्हात जातं त डोक्शाले दुपट्टा बांधून जा.” मी दुपट्टा दप्तरात कोंबायचो आणि दुपारी ऊन लागून परत यायचो.

“म्हंजे दुपट्टाच हाय,” ती म्हणाली, आणि घडी घालून बंडी बॅगेत सगळ्यात वर ठेवली.