शिवणीतली माया



दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीही झाली. यंदा या दिवसांत मी पूजा, स्वाध्याय आणि एकाशन सांभाळून दुपारचा वेळ शिवणयंत्रासमोर घालवला. आमच्या बुधवारच्या गटातल्या मैत्रिणींसाठी कापडाच्या भेटी शिवत होते. "काय काय शिवलंस, दाखव ना" असं बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून आज त्याबद्दल लिहिते. पण नुसत्या भेटींबद्दल लिहिलं तर ते अर्धंच होईल. त्यामागची गोष्टही सांगते. ती सांगायला मला थोडी लाज वाटते.

आमचा गट आठ जणींचा आहे. दर बुधवारी दुपारी तीनला एकीच्या घरी जमायचं, कुणी भरतकाम, कुणी क्रोशा, कुणी गोधडी घेऊन बसायचं आणि पाचच्या सुमारास चहा पिऊन उठायचं. आम्ही चौघी जैन, बाकीच्या इतर समाजातल्या. त्यातल्या एकीला आम्ही सगळ्या ताई म्हणतो. ताईकडे बुधवार असला की ती माझ्यासाठी पोहे वेगळे काढते, कांदा नाही, बटाटा नाही. चातुर्मासात पालेभाजी चालत नाही हे तिला एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून त्या चार महिन्यांत तिच्या पोह्यांवर कोथिंबीरही नसते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे मी केलं ते याच ताईच्या बाबतीत केलं.

ताईची आई चैत्रात गेली. आषाढातल्या एका बुधवारी ताई पिशवीतून तिची पैठणी घेऊन आली. आईच्या लग्नातली. घडीवर ठिकठिकाणी चिरली होती, पण पदर शाबूत होता. ती म्हणाली, "याची आठ छोटी पाकिटं करायची मनात आहे. प्रत्येकीजवळ आईची एक आठवण राहील."

सगळ्या हळहळल्या, हात फिरवून पदरावरचे मोर बघायला लागल्या. साडी माझ्यापर्यंत आली आणि मी हात मागे घेतला. म्हणाले, "मला नको गं. आम्ही रेशीम वापरत नाही. एका साडीसाठी हजारो किडे जिवंत उकळतात."

बोलले ते खोटं नव्हतं. पण ते मी कुणाला, कधी आणि कसं म्हणाले? तीनेक महिन्यांपूर्वी आई गेलेल्या बाईला, आईच्या लग्नाची साडी तिच्या हातात असताना, सात जणींसमोर. ताई काही बोलली नाही. तिने पैठणीची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि क्रोशाची सुई हातात घेतली. पुढचे दोन बुधवार ती आली नाही. गुडघा दुखतोय, असा निरोप आला.

घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा माझा सूर असा होता, की नियम पाळायचा म्हणजे लोकांना वाईट वाटणारच. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाणी गाळून पितेस ना? मग बोलताना गाळणं कुठं ठेवलं होतंस?"

त्या रात्री सामायिकाला बसले, पण मन लागेना. मी रेशीम सोडलं त्याला बारा वर्षं झाली. एक प्रवचन ऐकलं आणि नियम घेतला. पण माझा लग्नातला शालू आजही कपाटात वरच्या फळीवर आहे. नेसत नाही, कुणाला देत नाही, टाकवतही नाही. माझ्या आईने पैसे साठवून घेतला होता तो. इतक्या वर्षांत मला कुणी त्याच्याकडे बोट दाखवून किड्यांचा हिशोब विचारला नाही.

श्रावणात ठरवलं, की या क्षमावाणीला गटातल्या सातही जणींना हाताने शिवलेली भेट द्यायची. सगळं कापड सुती, बटणं लाकडाची किंवा नारळाच्या करवंटीची. शिंपल्याची आणि शिंगाची बटणं मी घेत नाही. इचलकरंजी जवळ असल्यामुळे पॉपलीन आणि मलमल चांगलं मिळतं. सगळं कापड आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून घेतलं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. न धुता शिवलं तर अस्तर एकीकडे ओढतं आणि वरचं कापड दुसरीकडे.

अक्का आमच्यात सगळ्यात मोठ्या, रोज स्वाध्याय करणाऱ्या. त्यांच्यासाठी शास्त्राचं वेष्टण शिवलं. फिकट केशरी सुती कापडाचा चौकोन, चारही कडा हाताने तुरपलेल्या आणि एका कोपऱ्याला लांब नाडी. ग्रंथ मधे ठेवून चारही कोपरे दुमडले की नाडी गुंडाळायची.

दुसरी मैत्रीण हिवाळ्यात शिखरजीला जाणार आहे. तिथली वंदना चढउतार धरून सुमारे सत्तावीस किलोमीटरची, त्यामुळे हातात ओझं नको असतं. तिच्यासाठी पूजेच्या द्रव्याचा संच केला. अक्षता, केशरी तांदूळ, खोबऱ्याचे तुकडे, धूप, बदाम आणि लवंग यांसाठी सहा छोट्या नाडीच्या पिशव्या, आणि त्या सगळ्या मावतील अशी खांद्याला अडकवायची एक मोठी पिशवी. प्रत्येक छोट्या पिशवीची नाडी वेगळ्या रंगाची, म्हणजे पहाटेच्या अंधूक उजेडातही घोटाळा होत नाही.

निवृत्त शिक्षिकाबाईंना चष्म्याची पिशवी, आत मऊ फ्लॅनेलचं अस्तर. भाकरीच्या ऑर्डरी घेणाऱ्या वहिनींना भाकरीचे चार मोठे दुहेरी रुमाल. जाड सुती कापड भाकरीची वाफ टिपून घेतं, म्हणून डब्यात तळाची भाकरी ओली होत नाही. गटातल्या सगळ्यात लहान मैत्रिणीला सातवा महिना आहे. तिच्यासाठी माझ्या दोन जुन्या सुती साड्यांचं दुपटं केलं. वर नवं कापड घातलं नाही. वर्षानुवर्षं धुतलेल्या साडीइतकं मऊ नवं कापड कधीच नसतं. त्यावर उभा धावदोरा घातला, त्यालाच चार दुपारी लागल्या.

सहावी मैत्रीण आमच्यातलीच. तिने नव्या फ्लॅटमध्ये गेल्यावर म्हटलं होतं, "सगळं बसवून घेतलं, पण आईकडच्यासारखं गाळणं कुठे मिळेना." तिला घट्ट विणीच्या सुती कापडाची तीन गाळणी शिवली. आपल्याकडे सांगतात तसं छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, दुहेरी करून भांड्याच्या तोंडावर बसेल असं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा अठ्ठेचाळीस मिनिटांची. गाळण्यात राहिलेले जीव उलट बाजूने पाणी ओतून परत मूळ पाण्यात सोडायचे, तीच जिवाणी. हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला मात्र ती कड दुमडताना सासूबाईंचं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

सहा भेटी झाल्या आणि सातवी अडली. ताईसाठी आधी एक पर्स बेतली, ती आवडली नाही. मग चहाच्या किटलीचं पांघरूण कापलं, तेही बाजूला ठेवलं. का अडतंय ते मला कळत होतं. खरं सांगायचं तर सात भेटींचा घाट मी एका भेटीसाठी घातला होता. सगळ्यांना एकदम वाटल्या की ताईलाही त्यात एक देता येईल आणि काही बोलावं लागणार नाही. फोनवर आपण सगळ्यांना एकच संदेश पाठवतो ना, कळत नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा, तसंच.

शिवणाच्या क्लासमध्ये बाई आम्हाला पहिल्याच दिवशी सांगायच्या, "मापाइतकंच कापू नका, माया ठेवा." शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड म्हणजे माया. उद्या कपडा घट्ट झाला तर तिथून सैल करता येतो, आणि माया कमी पडली तर शिवण फुटते. आपल्या शास्त्रात मात्र क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांतली माया म्हणजे कपट, आतलं एक आणि बाहेरचं एक. आर्जव धर्माच्या दिवशी मंदिरात बसले होते तेव्हा माझ्याच शिवणकामातली माया मला दिसली. मैत्रिणींसाठीची माया होती त्यात, आणि कपटही होतं.

त्या दिवशी दुपारी शालूची फळी आवरायला घेतली. शालू जुन्या मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला आहे, तो माझ्या आईनेच गुंडाळून दिला होता. ते फडकं हातात आलं आणि ताईसाठी काय शिवायचं ते सापडलं.

पैठणीसाठी वेष्टण. पांढऱ्या मलमलचे दोन थर, सवा मीटर लांब, एक मीटर रुंद, कडा हाताने तुरपलेल्या. दोनदा गरम पाण्यातून काढलं, खळ अजिबात ठेवली नाही, कारण खळीला कीड लागते. धातूचं बटण किंवा हूक लावला नाही, जर अडकून ओढली जाते. बांधायला कापडाच्याच दोन नाड्या. वर काही भरलं नाही, फक्त एका कोपऱ्यात आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याने एक मोर काढला. रेशीम मी शिवणार नव्हते, नियम मोडायचा नव्हता. पण तिच्या आईची साडी नीट राहावी म्हणून माझे हात काही करू शकत होते.

सहा भेटी बुधवारी गटात दिल्या. ताईची घेऊन क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून थेट तिच्या घरी गेले. जिन्यातच पाय जड झाले होते. चहा नको म्हटलं, पुडकं हातात दिलं आणि म्हणाले, "ताई, आषाढात मी तुझ्या आईच्या साडीला किडे म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. ते चुकलं. मला क्षमा कर."

ती बराच वेळ नाड्यांशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मला तुझा राग नव्हता गं आला. मला वाटलं, माझ्या आईने काहीतरी पाप केलं असं तू म्हणालीस. दोन महिने मी ती साडी उघडली नाही."

यावर मला काही बोलता आलं नाही. दोन महिने! मी माझ्या नियमाचा विचार करत होते आणि ही बाई आईची साडी उघडायला घाबरत होती.

तिनेच नंतर विचारलं, "पण खरंच उकळतात का?" मी सांगितलं, या वेळी हळू. किडा स्वतःभोवती अखंड धाग्याचा कोश विणतो, शेकडो मीटर लांब. पतंग बाहेर पडला तर तो धागा तुटतो, म्हणून त्याआधीच कोश वाफेत किंवा गरम पाण्यात घालतात. म्हणून मी घेत नाही, इतकंच. तिने ऐकून घेतलं. पटलं की नाही ते बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून पैठणी वेष्टणात घातली. मी धरलं, घडी तिने घातली. चिरलेल्या घडीवर पुन्हा घडी येऊ नये म्हणून बाजूने दुमडली. दर तीन-चार महिन्यांनी उघडून घडी बदलायची, कडुनिंबाचा वाळलेला पाला वेगळ्या पुरचुंडीत ठेवायचा, हे सांगितलं. पदर कापायचा की नाही, ते ती सावकाश ठरवणार आहे.

निघताना ती आत गेली आणि एक जुनं लुगडं घेऊन आली. हिरवं, सुती, धुऊन धुऊन विरलेलं. "आईचं रोजचं. स्वयंपाक करताना हेच नेसायची. यातलं तुला चालेल?"

मला चाललं. गेल्या बुधवारी ताईने त्याचं पाकीट शिवून आणलं. घाईत तिने माया फारच कमी ठेवली आहे. एका बाजूची शिवण आजच विरायला लागली आहे. मी आतून हाताने बारीक टाके घालून ती घट्ट करणार आहे. माझी जपमाळ आता त्यातच राहते.

मैत्रिणींनो, तुम्ही कुणासाठी काही शिवत असाल तर कापड आधी धुवून घ्या आणि माया सढळ ठेवा. आणि कुणा एकीला सांगायचं राहून गेलं असेल, तर तिला सगळ्यांत मिसळू नका, तिच्या घरी जा.

या लिखाणात कुणाला दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.