तळोज्याचे चाचा

तळोजा म्हटले की बाहेरच्यांना कारागृह आठवते, नाहीतर एमआयडीसी. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या कासाडी नदीच्या रंगीत पाण्याने भटकी कुत्री निळी झाली होती, ती बातमीही अनेकांच्या लक्षात असेल. आमच्या घरात मात्र तळोजा म्हणजे चाचांचे घर. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि ओट्यावर नेहमी दोन-चार अनोळखी चपला.

चाचा आमचे सख्खे नव्हेत. अब्बा आणि ते एसटीत एकत्र कंडक्टर होते, तेवढेच नाते. पण आमच्या घरातले एकही लग्न किंवा मय्यत त्यांच्यावाचून झाली नाही. निवृत्तीनंतर ते मुलाजवळ तळोज्याला आले. खारघरचे कर्करोगाचे टाटा रुग्णालय तिथून काही किलोमीटरवर. ही गोष्ट गावाकडे पसरायला वेळ लागला नाही. म्हसळा, श्रीवर्धन, महाड, पोलादपूर... ज्याच्या घरात हा आजार शिरला तो आधी चाचांना फोन करायचा.

परळचे मूळ टाटा रुग्णालय १९४१ सालचे. त्यामागेही एक दुखवटाच आहे. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनी पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने या आजाराच्या संशोधनासाठी ट्रस्ट उभा केला आणि त्याच वर्षी तेही वारले. त्यांच्या मागे टाटांच्या ट्रस्टने परळला रुग्णालय बांधले. १९६२ मध्ये ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे गेले आणि पुढे खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी त्याचे दुसरे मोठे केंद्र झाले. चाचांना हा इतिहास ठाऊक नव्हता. त्यांना ठाऊक होते ते वेगळे. कुठल्या कागदाच्या किती झेरॉक्स लागतात, सकाळी किती वाजता रांगेत उभे राहायचे, पेशंटला कुठे सावलीत बसवायचे. प्रत्येक पाहुण्याला ते प्लॅस्टिकची एक पिशवी द्यायचे. आत फाइल, आधार कार्ड, पेन, पाण्याची बाटली. चाची सोबत भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून द्यायची.

इयादत, म्हणजे आजाऱ्याला भेटणे, हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपली इयादत बहुधा केळी, बिस्किटांचा पुडा आणि दहा मिनिटांची चौकशी यावर आटपते. चाचांच्या घरी येणारे सगळे मुसलमान नव्हते, आणि त्यांची इयादत तीन-तीन महिने चालायची.

एका बाबतीत ते कडक होते. पेशंटला आजार सांगितलाय का, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. नातेवाईक कुजबुजत, ‘नाही हो, धसका घेतील.’ मग चाचा म्हणत, ‘त्याचं देणं-घेणं असेल, कुणाची माफी मागायची असेल. ते तुम्ही करणार का?’

दीड वर्षापूर्वी त्यांच्या घशाखाली भाकरी अडकू लागली. ते चहात बुडवून खाऊ लागले, मग नुसता पेजेचा निवळ पिऊ लागले. गिळताना असे अडकत राहिले तर दोन-तीन आठवड्यांच्या वर थांबू नये, डॉक्टरला दाखवावे. हे इतरांना सांगणारा माणूस स्वतः चार महिने थांबला. दुर्बिणीने तपासल्यावर अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. आणि मुलांनी काय केले? अल्सर आहे म्हणून सांगितले. मुलांना दोष द्यायला जीभ धजत नाही. बापाच्या तोंडावर तो शब्द उच्चारणे किती अवघड असते ते ज्याचे त्याला कळते. चाचा काही बोलले नाहीत. पहिल्या तपासणीला खारघरच्या फाटकातून रिक्षा आत वळली तेव्हा हसून म्हणाले, ‘ज्या दारातून मी गावं नेली, त्याच दारातून मला नेता आणि सांगता अल्सर?’ त्या रात्री बाप-लेक ओट्यावर बसून रडले. दुसऱ्या दिवशी चाचांनी वही काढून देणेकऱ्यांची नावे लिहवून घेतली. एका चहावाल्याचे साठ रुपयेसुद्धा.

शेवटचे दोन महिने नाकातून नळी होती. दुखणे वाढले तसे डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. ‘ही तर अफू, नशा,’ म्हणून नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांनी घरी येऊन सांगितले की वेदनेवर डॉक्टरने दिलेले औषध आणि नशा या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतर चाचांना शांत झोप लागू लागली. वाचकांपैकी कुणाच्या घरी हा प्रसंग असेल तर एवढे ध्यानात ठेवा. कळवळत पडून राहण्याला सब्र म्हणत नाहीत.

जूनमध्ये, पावसाच्या पहिल्या आठवड्यात, चाचा अल्लाहला प्यारे झाले. जनाज्याला मुलांनी कधी न पाहिलेली माणसे आली होती. पोलादपूरकडची एक बाई डोक्यावर पदर घेऊन कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर छत्रीत उभी होती. तिचा नवरा चाचांकडे राहून बरा झाला होता. माती देऊन लोक परतेपर्यंत ती हलली नाही.

चाची आता इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस. घरात पडलेले सामान तिच्याने बघवत नव्हते. मला म्हणाली, ‘तूच पोचव बाबा, मला बाहेर पडता येत नाही.’ उरलेल्या गोळ्या आणि फोडलेले डबे तिने बाजूला काढले, ते दुसऱ्याला द्यायचे नसतात. घडीची व्हीलचेअर, हवेची गादी आणि नळीतून द्यायच्या पावडरीचे सहा सीलबंद डबे घेऊन मी पेंधरला मेट्रोत बसलो. बेलापूरपर्यंतची ही अकरा स्थानकांची मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. चाचांना तिचे कोण कौतुक. रिक्षाचे पैसे वाचतात म्हणून येणाऱ्याला ते आवर्जून तिनेच पाठवत. खिडकीतून खारघरचा डोंगर दिसत होता, हिरवागार, अंगावर पांढरे ओघळ. मागे एकदा धुके बघून चाचा म्हणाले होते, ‘हा डोंगर आपल्या गावचाच वाटतो, फक्त पायथ्याशी इमारती लावल्यात.’

सेंट्रल पार्कला उतरून रिक्षा केली. रुग्णालयाबाहेर घेणारा शोधावा लागला नाही. बीडकडचा एक तरुण बापाला दोन्ही हातांवर उचलून रिक्षातून उतरवत होता. त्याने किंमत विचारली. काही नाही म्हटल्यावर तो गोंधळला आणि व्हीलचेअरची चाके तपासू लागला. मला ते आवडले. त्याच्याकडूनच कळलेल्या एका नळीवाल्या पेशंटच्या बायकोला डबे आणि गादी दिली, वापराची तारीख दाखवली आणि निघालो.

गेल्या आठवड्यात चाचांच्या मोबाइलवर म्हसळ्याहून फोन आला. बहिणीला खारघरला दाखवायचे आहे, चाचा आहेत का? फोन चाचीने घेतला. चाचा गेल्याचे तिने सांगितले, पलीकडचा माणूस ओशाळून ठेवतो म्हणाला. चाचीने त्याला थांबवले. ‘मी इद्दतीत आहे, तुम्ही पुरुषमाणसं माझ्या मुलाकडे वर झोपा. बहीण माझ्याजवळ राहील. आणि हे बघा, तिला सांगितलंय ना काय झालंय ते?’