आधी कोण बसतं?

कोल्हापुरात माणसाची विचारपूस पोटापासून सुरू होते. दारात कुणी आलं की बाकीचं नंतर, आधी "जेवलाईस काय?" पहाटे कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, सकाळी झणझणीत कटाची मिसळ, रविवारी घरोघर तांबडा-पांढरा. अशा गावात चहाच्याही आधी बायबल उघडायचं म्हणजे फोडणीच्या वासाशी रोजची झुंजच. तरी कितीतरी ख्रिस्ती घरं हा शिरस्ता पाळतात. 'उपासना संगीता'तलं एक गीत, थोडा शास्त्रपाठ, छोटी प्रार्थना. मग आधण.

आधी आत्मा, मग पोट, हे म्हणायला सोपं. पण प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेचा क्रम जरा निरखून पाहावा. पहिल्यांदा देवाचं नाव, मग त्याचं राज्य, मग त्याची इच्छा. भाकरी चौथी. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणेच. पण पापांची क्षमा भाकरीच्याही नंतर येते! आणि ती भाकरी एकट्यासाठी मागायची नाही, साठवणीसाठीही नाही; सगळ्यांसाठी, आजच्यापुरती.

रानात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या येशूनं दगडांच्या भाकरी करायला नकार दिला. त्याच येशूनं याईराच्या मुलीला मरणातून उठवल्यावर घरच्यांना काय सांगितलं? हिला काहीतरी खायला द्या. स्वतःच्या भुकेला त्यानं थांबवलं, पोरीच्या भुकेला नाही. मला वाटतं, सगळी मेख इथंच आहे. वचन आधी, हा नियम स्वतःच्या ताटाला लावायचा असतो. दुसऱ्याच्या ताटाला लावला की त्याचा निष्ठुरपणा होतो.

वचनासोबत दुसऱ्याची गरजही पाहायची, हे आपल्या भागाला नवं नाही. १८५२ साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरात शुभवर्तमान घेऊन आले आणि त्यांनी शाळाही काढल्या. पुढे डॉ. विल्यम वॉनलेस आले तेही मिशनरी म्हणूनच; पण १८९४ साली मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. आत्म्याची काळजी वाहायला आलेल्या माणसानं हातात शस्त्रक्रियेची सुरी घेतली, म्हणून त्याची श्रद्धा उणी झाली नाही.

आता घरात या. नळाला पाणी यायची वेळ झालेली, मुलांचे डबे व्हायचेत, कुणाची शिरोली एमआयडीसीत पहिली पाळी. अशा वेळी बायबल घेऊन निवांत कोण बसतं? बहुधा ज्याच्या हाताला पीठ लागलेलं नसतं तो. लूकच्या शुभवर्तमानातली, पाहुणचाराच्या कामात अडकलेली मार्था मला म्हणूनच जवळची वाटते. येशूच्या पायाशी बसलेल्या तिच्या बहिणीनं, मरियेनं चांगला वाटा निवडला, हे खरंच. त्यानं मार्थेला प्रेमानं सुनावलं, तेही तिच्या जिवाची ओढाताण पाहून. पण त्या दिवशी तिच्या मदतीला आणखी कुणी उठलं असतं, तर तीही बसली नसती का?

म्हणून वचनाला पहिला मान द्यायचा असेल, तर गॅस बंद करून सगळ्यांनी एकदमच बसावं. घरातल्या बाईला चुलीपाशी ठेवून बाकीच्यांनी केलेली प्रार्थना अर्धवटच. आणि 'आमेन' म्हणून झालं, की ज्यानं शास्त्रपाठ वाचला त्यानंच कणीक मळायला घ्यावी. वचन पोटात गेलं की नाही, ते तिथंच कळतं.