नदी डावीकडे ठेवून

जबलपुरात सायकलवाल्याला मोकळा रस्ता हवा असेल तर तो नकाशात शोधून उपयोग नाही, घड्याळात शोधावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहाच्या सुमारास नेपिअर टाउनमधून निघालं, की मदनमहालच्या टेकड्यांपर्यंत फार तर दूधवाले आणि पेपरवाले भेटतात. मेडिकल कॉलेजपाशी चहाच्या टपऱ्यांवर पहिलं आधण चढलेलं असतं. तिलवाऱ्याकडचा हमरस्ता भराभर उरकायचा, कारण नागपूरच्या वाटेवरचे ट्रक रात्रीही झोपत नाहीत. मग लम्हेटा घाटाच्या वाटेला लागायचं. तिथून भेडाघाटापर्यंत नर्मदेचा उत्तर तीर, मधे गावं, वाटाण्याची शेतं आणि धुकं. मोटार क्वचित. आठ वाजले की ही सवलत संपते. वाळूचे हायवा सुटतात, पाठोपाठ पर्यटकांच्या गाड्या, आणि सायकलवाल्याने कडेच्या मातीत उतरायचं असतं.

माझ्या लहानपणी असा वेळ साधावा लागत नसे, कारण तेव्हा रहदारी म्हणजेच सायकली होत्या. गन कॅरेज फॅक्टरी 1904ची, खमरियाची दुसऱ्या महायुद्धातली, व्हेइकल फॅक्टरी त्यानंतरची. पाळी सुटली की रस्ताभर सायकली, हँडलला डबा अडकवलेल्या. माझे वडील त्या गर्दीतले एक. आमच्यासारखी मराठी घरं इथे कारखाने, रेल्वे, कोर्टकचेऱ्या आणि शाळांच्या नोकऱ्यांमागे आली. त्याआधी नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे होताच, तो 1817मध्ये इंग्रजांनी संपवला. आजोबा मात्र अजून आपलंच राज्य असल्यासारखे गोलबाजारात भाजीची घासाघीस करायचे.

माझा भाचा फ्रान्समध्ये तूर शहरात नोकरीला आहे. मी त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने मला ल्वार नदीच्या काठाने सायकलवर फिरवलं. तिथे नदीलगत सुमारे 900 किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे, पार अटलांटिकपर्यंत. सगळाच काही मोटारींपासून मुक्त नाही, अधूनमधून गावरस्ते येतात. पण लांबच लांब पट्टे असे की मागून भोंगा येईल ही भीतीच मनातून जाते. बरीचशी वाट पूर अडवायला मध्ययुगापासून घातलेल्या बांधांवरून जाते. एका हाताला वाळूची बेटं असलेली उथळ, रुंद नदी, दुसऱ्या हाताला द्राक्षमळे, आणि मधेच एखादा राजवाडा. आंब्वाजला लिओनार्दो दा व्हिंची आयुष्याची शेवटची तीन वर्षं राहिला आणि 1519मध्ये तिथेच वारला. त्या घराच्या अंगणात बसून आम्ही पोळीचे रोल खाल्ले. खोऱ्याचा मोठा भाग 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. प्रत्येक फाट्यावर पाटी, आणि पाटीवर सायकलचं चित्र. मला हे सगळं मनापासून आवडलं. फक्त दुपारपर्यंत लक्षात आलं की त्या वाटेवर आमच्यासारखे सायकल चालवायला आलेलेच तेवढे आहेत. कामाला निघालेलं कुणी दिसेना.

भाचा गेल्या हिवाळ्यात इकडे आला तेव्हा म्हणाला, “मावशी, आता तुझी नदी दाखव.” त्याच्यासाठी शेजाऱ्यांची गिअरची सायकल मागून आणली. माझी जुनीच, काळी, पुढे टोपली असलेली.

लम्हेट्याच्या अलीकडेच पहिले परिक्रमावासी समोरून आले. पांढरे कपडे, पाठीला वळकटी, हातात काठी आणि कमंडलू. “नर्मदे हर!” मी म्हटलं. “नर्मदे हर!” उत्तर आलं. भाच्याने विचारलं, “सगळे आपल्या उलट दिशेने का येतायत?” परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची असते आणि ती ओलांडायची नाही. म्हणून उत्तर तीरावर ते पूर्वेला, अमरकंटकच्या दिशेने चालतात. आम्ही प्रवाहाबरोबर पश्चिमेला, नदी डावीकडे ठेवून. भेडाघाटापर्यंत ते तोंडासमोरून येत राहणार आणि दर वेळी वेग कमी करून हात जोडायचे. एक हात हँडलवर असला तरी चालतं, असं माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय. ल्वारकाठी वाट सायकलवाल्याची होती. इथे ती चालणाऱ्याची आहे, आणि सायकलवाला तिच्यावर पाहुणा.

लम्हेट्याला उतरून घाटावर गेलो. हा घाट भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे. इथल्या चुनखडीच्या, वाळूच्या थरांना जगभरचे भूवैज्ञानिक लमेटा म्हणतात. डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातले हे थर, आणि त्यांच्यावर नंतर लाव्हा पसरला. तोच लाव्हा ज्यातून आपले सह्याद्रीचे काळे कडे झाले. ठगांचा बंदोबस्त करणारा कॅप्टन स्लीमन 1828मध्ये जबलपूरला होता, तेव्हा त्याला तिथल्या एका टेकडीवर मोठाली अश्मीभूत हाडं सापडली. भारतात डायनोसॉरची हाडं मिळाल्याची ती पहिली नोंद. पुढे 1877मध्ये लायडेकरने त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस असं नाव दिलं. भाचा खडकावर बोट फिरवत म्हणाला, ल्वारचे पांढरे राजवाडेसुद्धा डायनोसॉरांच्याच युगातल्या चुनखडीचे आहेत, आणि दगड काढून झालेल्या खाणींत लोकांनी घरं केली, दारूची तळघरं केली. घाटावर कपडे धूत असलेली एक म्हातारी आमच्याकडे बघत होती. “काय बिन्ना, पथरा में का हेरत हो?” तिने विचारलं. दगडात काय शोधताय म्हणून. मी सांगितलं, फार जुनी हाडं. “अस्थी तो इतै रोज आत हैं,” ती म्हणाली आणि पुन्हा धोपटायला लागली.

पुढचा रस्ता अरुंद आहे, एका गाडीपुरता, आणि खड्ड्यांबद्दल मी काही बोलणार नाही. पण याच पट्ट्यात सायकलचा खरा उपयोग कळतो. मोटारीतून भेडाघाट म्हणजे धबधबा आणि संगमरवर, दोन तासांत उरकलेला. सायकलवरून लम्हेट्यापासून भेडाघाटापर्यंत दगड बदलताना दिसतो: तपकिरी, करडा, मग पांढरा. धुवांधार धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. हा काठ असाच सावकाश बघणारे अमृतलाल वेगड जबलपूरचेच. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेले चित्रकार, आणि वयाच्या पन्नाशीत, 1977मध्ये, नर्मदेकाठी चालायला लागले. मराठीत त्यांची पुस्तकं आवडीने वाचली जातात. त्यांनी हे खोरं तुकड्यातुकड्यांनी, सुटीसुटीत चाललं, ही गोष्ट मला नेहमी धीर देते. सगळं एका दमात करायची गरज नसते.

गावाच्या वळणावर एक जोडपं भेटलं. “नर्मदे हर” झाल्यावर भाच्याशी माझं मराठी ऐकून बाई थांबल्या.
“अगंबाई, तुम्ही मराठी? कुठल्या?”
“इथल्याच. जबलपूरच्या.”
“आम्ही साताऱ्याचे. ओंकारेश्वरहून परिक्रमा उचललीय.” मग माझ्या सायकलच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, “पण ताई, तुम्ही उलट्या निघालात की!”
“आम्ही परिक्रमेत नाही हो. भेडाघाटला न्याहारीला चाललोय.”
त्यांचे यजमान मोठ्याने हसले.

भेडाघाटला एका मूर्तीवाल्याच्या दुकानापाशी सायकली लावल्या आणि चौसष्ट योगिनींच्या पायऱ्या चढलो. कलचुरींचं हे दहाव्या शतकातलं देऊळ गोल आहे. कडेने योगिनींची ओळ, बहुतेक भंगलेल्या, आणि चौसष्टपेक्षा जास्त. मधे गौरीशंकर, नंदीवर बसलेले. राणी अल्हणदेवीचा 1155चा शिलालेख भेडाघाटचाच. कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे आताचं जवळचं तेवर. याच परिसरात 1939मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि तापाने फणफणलेले सुभाषबाबू अध्यक्ष होते. भाच्याला राजवाडे बघायची सवय. त्याने विचारलं, कलचुरींचा वाडा कुठाय? मी म्हटलं, तेवरमध्ये कुणाच्या ओट्यात असेल, कुणाच्या पाराखाली.

भेडाघाट आणि लम्हेटा घाट 2021मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. त्याच वर्षी मराठ्यांचे किल्लेही त्या यादीत गेले होते, आणि 2025मध्ये ते वारसा झालेसुद्धा. आमच्या नदीचीही पाळी येईल. तेव्हा हा अरुंद रस्ता कोण कसा करील याचा घोर मला आताच लागलाय. ल्वारकाठी निदान काही पट्ट्यांत गाड्यांना वेगळी वाट दिली आणि बांध पायी, सायकलने जाणाऱ्यांना ठेवला. आपल्याकडे विकास म्हटला की पहिलं काम रुंदीकरणाचं.

परतताना साडेनऊ झाले होते. आता नदी उजव्या हाताला, परिक्रमेच्या दिशेने, पण रस्ता सकाळचा राहिला नव्हता. एक हायवा धूळ उडवत गेला तेव्हा आम्ही दोघं सायकलींसकट वाटाण्याच्या शेतात उभे होतो. लम्हेट्याच्या पुढे एका घराच्या ओसरीवर साताऱ्याचं जोडपं चहा पीत बसलेलं. “आता सुलट आलात!” बाई ओरडल्या. घरमालकाने आम्हालाही बसवलं.

मी त्याला विचारलं, या रस्त्यावरच्या गाड्या बंद करून तो फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलींना ठेवला तर? त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “और हमारी मटर मंडी कैसे जाएगी, दीदी? रोड तो चौड़ी होना चाहिए. हम तो यहीं दुकान डालेंगे.” भाच्याने तोंड उघडलं, बहुधा ल्वारबद्दल काही सांगायला, आणि मिटलं.

चहा फर्मास होता, आलं ठेचून घातलेला. सातारकरांकडून त्याने पैसे घेतले नाहीत, परिक्रमावाशांकडून घ्यायचे नसतात. आमच्या दोघांचे वीस रुपये मात्र चोख मोजून घेतले.