साडेआठ फुटांची हद्द

आमच्या बांद्यात रस्ताच रोजगार देतो. मुंबई-गोवा महामार्ग गावाजवळून जातो, पुढे पत्रादेवीला गोवा लागतो. त्यामुळे दारात गाडी असलेला मुलगा सहसा रिकामा बसत नाही. माझा भाचा लग्नकार्यांना मंडप आणि खुर्च्या पुरवतो. पिकअपला मागे ट्रॉली जोडली तर दोन फेऱ्यांचं काम एकीत होईल, असं त्याचं गणित. त्यासाठी आपाने बांगड्या मोडायची तयारी केली. वेल्डिंगवाला म्हणाला, "नऊ फूट रुंद करू, खुर्च्या ऐसपैस बसतील."

बांगड्यांची गोष्ट ऐकून मी नियम शोधायला बसले. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 93 प्रमाणे गाडीची रुंदी साधारणपणे 2.6 मीटरच्या आत हवी. म्हणजे साडेआठ फूट. सुट्टीत मुक्कामाला न्यायच्या कॅराव्हॅनलाही हेच माप. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्यामुळे रस्ता काही रुंद झालेला नाही. आणि ट्रॉली मापात असली तरी मंडपाचे खांब बाजूला किंवा मागे बाहेर काढून चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड 20,000 रुपये, वर माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

कागदपत्रांचंही तसंच. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 61 प्रमाणे ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही तिच्यावर दिसला पाहिजे.

हे सांगितलं तर भाचा हसला. "खाला, आपल्याकडे टेप लावून कोण मोजतंय?"

मी म्हटलं, "बाबा, मोजणारा नसेलही. पण शाळेतून येणारं पोर त्याच कडेने चालतं."

वळणावर ट्रॉलीची चाकं पुढच्या गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात. चालकाला वाटतं, आपण सुटलो, आणि मागचा कोपरा कडेच्या माणसाला घासतो. गाडीपेक्षा ट्रॉली रुंद असली की आरशातही मागचं नीट दिसत नाही. वजन मागच्या टोकाला जास्त झालं तर ती डोलायला लागते, आणि मग ब्रेक लावूनही गाडी आवरत नाही.

भाचा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तो ओरोसला आरटीओ कार्यालयात जाऊन आला. कोणती ट्रॉली मंजूर होते, आपली पिकअप ती ओढू शकते का, हे त्याने आधी विचारलं. आपाच्या बांगड्या अजून हातात आहेत. ट्रॉली होईल, इन्शाअल्लाह, पण मापातली.

आपल्यापैकी अनेक घरांत अशी एखादी ट्रॉली, टेम्पो किंवा हातगाडीचं स्वप्न असतं. लोखंड कापण्याआधी कायदा विचारा. रस्ता सगळ्यांची अमानत आहे, आपला रोजगार त्यातल्या आपल्या वाट्यावरच चालावा.